एकीनं लिहावं, दुसरीनं मोजावं

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

गुरांचं चारापाणी उरकून, भाकरी थापता थापता, नाहीतर शेजारणीच्या ओट्यावर बसून जिथून कुठून ऐकत असाल, त्या सगळ्यांना माझा नमस्कार.

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई आज भलतंच काय घेऊन बसली! विषय आहे विमानाचा. विमान उडण्याआधी जमिनीवर जो हिशेब होतो, त्यात माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांचा. हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. मार्चअखेर जवळ आली आहे. गटांची ऑडिट सुरू आहेत. दोन-तीन गावांत हिशेबातल्या फरकावरून गट मोडायची वेळ आली आहे. फरक फार मोठा नाही, पण रजिस्टर लिहिणाऱ्या बाईकडे सगळ्याजणी संशयानं बघायला लागल्यात. अशा वेळी, जिथं एका आकड्यावर शेकडो माणसांचा जीव असतो तिथं लोक चुकांचं काय करतात, हे आपल्याला ठाऊक असावं.

आधी विमानाचं काम कसं चालतं ते सांगते. एसटी स्टँडवर खिडकीमागे वाहतूक नियंत्रक बसतो, तो तुम्ही पाहिलाय. कुठली गाडी आली, कुठली सुटली, ड्रायव्हर-कंडक्टर कोण, सगळं त्याच्याकडे नोंदलेलं असतं. विमान कंपनीतही जमिनीवर बसणारा असा एक माणूस असतो. त्याला फ्लाइट डिस्पॅचर म्हणतात. हे काम आता बायकाही करतात. पण याचं काम एसटीच्या नियंत्रकापेक्षा बरंच जास्त असतं. विमानानं कुठल्या वाटेनं जायचं, वाटेत ढग-वादळ कुठं आहे, माणसं आणि सामान मिळून वजन किती, ठरलेल्या गावी उतरता आलं नाही तर दुसरीकडे कुठं उतरायचं, आणि या सगळ्याला इंधन किती लागेल, हा सारा हिशेब तो आधी मांडतो. मग तो कागद वैमानिकाच्या हातात जातो. अमेरिकेत नियमित प्रवासी विमानांसाठी तर कायदाच असा आहे की उड्डाणाची जबाबदारी कॅप्टन आणि डिस्पॅचर या दोघांची मिळून असते. दोघांना पटल्याशिवाय विमान निघत नाही.

तुम्ही विचाराल, एवढा हिशेब कशाला, टाकी फुल्ल करून टाकायची. तसं चालत नाही. इंधनालाही वजन असतं आणि ते वजन वाहून न्यायला आणखी इंधन जळतं. उतरताना विमान फार जड असूनही चालत नाही. म्हणून मोजूनच भरतात. मुक्कामी पोहोचण्यापुरतं, वाटेत जास्त लागलं तर थोडं वरचं, दुसऱ्या विमानतळाकडे वळावं लागलं तर तिथपर्यंतचं, आणि एवढं करून शेवटी जेट विमानाला अर्धा तास हवेत राहता येईल इतकं राखीव. आपण घरखर्च, बी-बियाणं, आजारपण आणि अडीनडीला बाजूला ठेवलेली नोट असा हिशेब करतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की एसटीचं डिझेल संपलं तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. विमान वर उभं राहू शकत नाही.

आता पहिली घटना सांगते. ही कॅनडातली आहे. 23 जुलै 1983. एअर कॅनडा कंपनीचं बोईंग 767 जातीचं विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. विमान नवं कोरं होतं. त्या काळात कॅनडात जुनी मापं जाऊन नवी येत होती. पौंड जाऊन किलो, गॅलन जाऊन लिटर. आपल्याकडेही हे झालेलं आहे. 1957 साली आणे जाऊन नवे पैसे आले आणि त्यानंतर शेर-मण जाऊन किलो आले. घरातल्या जुन्या बायका अजून पायलीनं बोलतात. तसंच तिकडं. कंपनीची बाकीची विमानं पौंडावर चालत होती आणि हे नवं विमान किलोवर.

त्या दिवशी विमानातला इंधन दाखवणारा काटा बंद होता. काटा म्हणजे आकडे दाखवणारी पाटीच, ती कोरी पडली होती. त्याचीही एक गंमत आहे. काटा चालवणाऱ्या यंत्रात दोष होता. आधीच्या एका कारागिरानं त्यातला एक भाग बंद करून काटा तात्पुरता चालू ठेवला होता. माँट्रियलला दुसऱ्या कारागिरानं तपासायला म्हणून तो भाग पुन्हा चालू केला. तेवढ्यात इंधन भरणारी गाडी आली, त्याचं लक्ष तिकडं गेलं आणि भाग परत बंद करायचा राहून गेला. रजिस्टर लिहिताना दूध उतू गेलं म्हणून आपण उठतो आणि परत येऊन भलत्याच ओळीवर लिहायला लागतो, तसं झालं.

मग त्यांनी टाकीत पट्टी घालून मोजलं. आपण पाण्याच्या टाकीत काठी घालून बघतो तसं. टाकीत 7,682 लिटर इंधन होतं. प्रवासाला लागणार होतं 22,300 किलो. हा आकडा बरोबर होता. तो टाकीपर्यंत पोहोचताना बिघडला.

लिटर हे माप आहे आणि किलो हे वजन. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर मुरमुरे यांचं माप एक, पण वजन निराळं. गोडेतेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर बघा, खाली साधारण 910 ग्रॅम असं छापलेलं असतं. विमानाचं इंधन याहून हलकं. एका लिटरचं वजन 800 ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे लिटरला 0.803 नं गुणलं की किलो मिळतात. पण त्या लोकांनी गुणलं 1.77 नं, कारण इतकी वर्षं सगळ्या विमानांना तोच आकडा वापरायची सवय होती आणि इंधनाच्या कागदावरही तोच होता. त्या गुणाकारातून किलो येत नाहीत, पौंड येतात. एका किलोत जवळजवळ सव्वादोन पौंड बसतात.

झालं असं की सगळ्यांना वाटलं टाकीत 13,597 किलो आहेत. खरे होते सव्वासहा हजारांहूनही कमी. आणखी 20,000 लिटरच्या वर भरायला हवं होतं, भरलं पाच हजारांच्या आत. गुणाकार चुकला नव्हता, भागाकार चुकला नव्हता. आकड्यापुढचं माप चुकलं होतं. विमान लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन निघालं.

मला यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट पुढे वाटते. ओटावाला विमान थांबलं तेव्हा त्यांनी इंधन पुन्हा तपासलं. पट्टी घातली, लिटर नीट मोजले आणि परत 1.77 नंच गुणलं. उत्तर मनासारखं आलं. म्हणजे तपासणी दोनदा झाली, पण दोन्ही वेळा त्याच वाटेनं गेली. चुकीच्या वाटेनं दहा वेळा गेलं तरी माणूस चुकीच्याच गावाला पोहोचतो.

विमान 41,000 फुटांवर असताना इंधन संपत आलं. आधी एक इंजिन बंद पडलं, मग दुसरं. विमानात प्रवासी आणि कर्मचारी मिळून 69 माणसं. कॅप्टन होते रॉबर्ट पिअर्सन. ते हौस म्हणून बिनइंजिनाची विमानं, म्हणजे ग्लायडर, उडवायचे. सहवैमानिक मॉरिस क्विंटल पूर्वी हवाई दलात होते, त्यांना गिमली नावाच्या गावातली हवाई दलाची जुनी धावपट्टी आठवली. एवढं मोठं विमान त्यांनी घारीसारखं तरंगत तिथं नेऊन उतरवलं. त्या धावपट्टीवर आता मोटारींच्या शर्यती व्हायच्या, हे त्यांना माहीत नव्हतं. त्या दिवशी तिथं लोक बायका-पोरांसह जमलेले होते. पुढचं चाक नीट बसलं नव्हतं, ते मोडलं आणि विमान नाक घासत थांबलं. काहींना किरकोळ लागलं. मेलं कुणी नाही. पुढे ते विमान दुरुस्त होऊन 2008 सालापर्यंत चाललं.

मैत्रिणींनो, हा पौंड आणि किलोचा गोंधळ आपल्याकडे रोज होतो. आपण गटात म्हणतो, शेकडा दोननं कर्ज. बँक म्हणते, बारा टक्के. ऐकणारीला वाटतं, दोन म्हणजे कमी आणि बारा म्हणजे जास्त. पण गटाचे दोन रुपये महिन्याचे आहेत आणि बँकेचे बारा वर्षाचे. मुद्दल तेवढंच राहिलं तर 10,000 रुपयांवर वर्षाला शेकडा दोननं 2,400 रुपये व्याज होतं आणि वर्षाच्या बारा टक्क्यांनी 1,200. आकडा लहान दिसतो ते कर्ज महाग निघतं. कुणी खोटं बोललेलं नसतं. आकड्यापुढे महिना की वर्ष, हे लिहायचं राहिलेलं असतं.

फवारणीचंही तसंच. डबीवर लिहिलेलं असतं लिटरला 2 मिली. आपल्याकडे पंप 15 लिटरचा, म्हणजे पंपाला 30 मिली पाहिजे. घाईत कुणी पंपाला 2 मिली घालतं आणि म्हणतं, औषध बनावट निघालं. कुणी लिटरऐवजी पंपाचं प्रमाण लिटरला लावतं आणि पीक जाळून बसतं. म्हणून माझं सांगणं एवढंच की नुसता आकडा कधी लिहू नका. रुपये की हजार रुपये, महिन्याला की वर्षाला, लिटरला की पंपाला, हे त्याच ओळीत लिहा.

दुसरी घटना न्यूझीलंड देशातली. हिच्यात मात्र माणसं गेली. 28 नोव्हेंबर 1979. एअर न्यूझीलंड कंपनीचं विमान ऑकलंडहून दक्षिण ध्रुवाकडचा बर्फाचा प्रदेश दाखवायला प्रवासी घेऊन निघालं होतं. उतरायचं नव्हतं, वरून बघून परत यायचं होतं. विमानात 257 माणसं होती.

विमानानं कुठून जायचं ते आकड्यांत लिहिलेलं असतं, अक्षांश-रेखांशात. शाळेत आपण नकाशावर शिकलो ते. हे आकडे कंपनीच्या कार्यालयात जमिनीवर तयार होतात. 1978 साली ते संगणकात भरताना एक आकडा चुकीचा पडला. त्या चुकीमुळे वाट इरेबस नावाच्या डोंगरावरून न जाता बाजूच्या सपाट समुद्रावरून जात होती. उड्डाणाच्या 19 दिवस आधी वैमानिकांना माहिती दिली गेली तेव्हा हीच समुद्रावरची वाट त्यांनी पाहिली. कॅप्टन जिम कॉलिन्स यांनी आदल्या रात्री घरी नकाशे पसरून तीच वाट आखली.

त्याच रात्री कार्यालयात कुणीतरी चुकीचा आकडा दुरुस्त केला. दुरुस्ती करणं चांगलंच. पण ती वैमानिकांना सांगितलीच नाही. सकाळी त्यांच्या हातात आकड्यांचा कागद आला, त्यांनी तो विमानाच्या संगणकात भरला. लांबलचक आकड्यांच्या रांगेत एक-दोन अंक बदललेले आहेत हे कुणाच्या ध्यानात येणार? वाट आता 27 मैल, म्हणजे सुमारे 43 किलोमीटर पूर्वेला सरकली होती. वैमानिकांना वाटत होतं खाली समुद्र आहे. समोर होता 3,794 मीटर उंचीचा बर्फाळ डोंगर. वर पांढरे ढग, खाली पांढरा बर्फ, त्यामुळे चढ दिसत नव्हता. प्रवाशांना नीट दिसावं म्हणून विमान खाली आणलं होतं. ते डोंगरावर आदळलं. 257 पैकी एकही वाचलं नाही.

हिशेब दुरुस्त करताना आपण नेमकं हेच करतो. एखादीची बचत चुकीची लिहिली गेली असं सचिवाच्या लक्षात येतं. ती घरी बसून रात्री खोडरबरनं खोडते आणि बरोबर आकडा लिहिते. तिच्या मनात पाप नसतं. पण त्या बाईच्या पासबुकात जुनाच आकडा राहतो. सहा महिन्यांनी दोन्ही वह्या समोर येतात आणि भांडण पेटतं. आकडा बरोबर करणं हे निम्मं काम झालं. ज्या बाईचा तो आकडा आहे तिला सांगणं हे उरलेलं निम्मं. म्हणून खोडायचं नाही. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, तारीख, सही. आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, की अमक्या बाईच्या खात्यात हा बदल केला, या कारणानं केला. तिच्या पासबुकातही तेव्हाच दुरुस्त करायचं.

तिसरी घटना अमेरिकेतली. 25 जानेवारी 1990. कोलंबिया देशातल्या आविआंका कंपनीचं विमान न्यूयॉर्कला चाललं होतं. 158 माणसं होती. न्यूयॉर्कला हवा खराब होती, विमानांची गर्दी झाली होती. या विमानाला तीन वेळा हवेतच घिरट्या घालत थांबवलं. सगळे मिळून एक तास 17 मिनिटं. राखीव इंधनही संपत चाललं. वैमानिकांनी खालच्या लोकांना सांगितलं, आम्हाला प्राधान्य द्या. इंधन कमी होत असल्याचंही बोलले. पण आणीबाणी आहे, आता उतरलोच पाहिजे, असा जो ठरलेला शब्द आहे तो त्यांनी उच्चारला नाही. खाली बसलेल्यांना वाटलं, इतरांसारखीच यांचीही घाई आहे. पहिल्या प्रयत्नात उतरता आलं नाही. दुसऱ्या प्रयत्नाआधीच इंजिनं बंद पडली आणि विमान कोसळलं. 73 माणसं गेली.

तपास करणाऱ्यांनी वैमानिकांच्या चुका लिहिल्या. पण त्याचबरोबर एक गोष्ट नोंदवली, की वाटेत जमिनीवरच्या डिस्पॅच व्यवस्थेची मदत घेतली गेली नाही. म्हणजे खाली बसून हवामान बघणारं, इंधनाचा हिशेब लावून आता दुसरीकडे वळा असं सांगणारं माणूस त्यांच्या सोबतीला नव्हतं. वरची माणसं दमलेली, अंधारात, परक्या भाषेत बोलणारी. आता या कामाला जगभर ठरलेले शब्द आहेत. इंधन जेमतेम उरलं तर ‘मिनिमम फ्युएल’ आणि राखीवातही हात घालावा लागणार असेल तर ‘मेडे फ्युएल’. हे शब्द कानावर पडले की ऐकणाऱ्याला काय करायचं ते कळतं, अंदाज बांधावा लागत नाही.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आपल्या बैठका येतात. हप्ता थकायला लागलेली बाई कधी सरळ बोलत नाही. ती म्हणते, ‘जरा अडचण आहे ताई’, ‘बघू पुढच्या महिन्यात’. आपण म्हणतो, अडचण कुणाला नाही? आणि तिला घिरट्या घालायला लावतो. ती मग दारावर येणाऱ्या फायनान्सवाल्याचं कर्ज काढून गटाचा हप्ता भरते. गटाच्या वहीत तिचं खातं स्वच्छ दिसतं आणि घरात मात्र ती बुडत असते. आपल्याला कळतं तेव्हा मंगळसूत्र गहाण पडलेलं असतं.

म्हणून गटातही दोन वाक्यं ठरवून टाका. एक, ‘या महिन्यात हप्ता अर्धाच भरता येईल.’ दुसरं, ‘मला हप्ता भरताच येणार नाही, गटानं आज यावर बोलावं.’ हे दुसरं वाक्य कुणी उच्चारलं की बाकीचे विषय बाजूला ठेवायचे आणि मुदत वाढवायची की हप्ता लहान करायचा ते तिथंच ठरवायचं. आणि अध्यक्षबाईनं वाट बघत बसू नये. दोन बैठका गैरहजर राहिली की घरी जाऊन विचारावं. लाजेपोटी माणूस शब्द गिळतो. न्यूयॉर्कच्या आकाशात जे झालं त्यातून एवढं तरी घ्यायला हवं, की संकट सांगणाऱ्याची भाषा मऊ असली तरी ऐकणाऱ्यानं नेमका प्रश्न विचारावा.

आता शेवटचा आणि सगळ्यात नाजूक मुद्दा. दोष कुणाचा?

कॅनडातल्या त्या विमानाचं झालं ते ऐका. आधी कंपनीनं कॅप्टनला खालच्या पदावर टाकलं, सहवैमानिकाला आणि कारागिरांना काही दिवस कामावरून दूर ठेवलं. मग न्यायमूर्ती जॉर्ज लॉकवुड यांच्या चौकशीत खोलात जाऊन बघितलं गेलं. त्यात निघालं की जुन्या विमानांत इंधनाचा हिशेब करायला तिसरा माणूस असायचा, त्याला फ्लाइट इंजिनिअर म्हणत. नव्या विमानात ती जागाच काढून टाकली होती. पण त्याचं काम आता कुणी करायचं, हे कंपनीनं स्पष्ट ठरवलं नव्हतं. नव्या मापाचं शिक्षणही धड दिलेलं नव्हतं. वैमानिकांना वाटलं कारागीर बघतील, कारागिरांना वाटलं वैमानिक बघतील. त्याच दोन वैमानिकांना पुढे 1985 साली, विमान सुखरूप उतरवल्याबद्दल, आंतरराष्ट्रीय संस्थेचा सन्मान मिळाला.

न्यूझीलंडचं तर याहून दुःखाचं. पहिल्या तपासात ठपका वैमानिकांवर आला. ते बिचारे जिवंतही नव्हते आपली बाजू सांगायला. 1981 साली न्यायमूर्ती पीटर महॉन यांच्या आयोगानं सांगितलं की मुख्य कारण होतं वाट बदलून वैमानिकांना न सांगणं. तरीही वाद मिटला नाही. 2019 साली, अपघाताला 40 वर्षं झाली त्या दिवशी, त्या देशाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी सरकारच्या वतीनं जाहीर माफी मागितली. 40 वर्षं त्या घरातल्या बायकांनी, मुलींनी ते ओझं वाहिलं.

आपल्या गटात रजिस्टर कोण लिहिते? जी दहावी-बारावी शिकलेली आहे ती. बहुतेकदा गावात नवीन आलेली सून. तिला कुणी नीट शिकवलेलं नसतं. बैठकीत वीस बायका एकदम पैसे पुढे करतात, पोर मांडीवर रडत असतं, घरी सासूबाई वाट बघत असतात. त्यात 200 रुपयांचा फरक पडला की गावभर होतं, हिनं खाल्ले. ती वही टाकून देते. दुसरी कुणी हात लावायला तयार होत नाही. मग वही पुरुषांच्या नाहीतर बाहेरच्या एखाद्या माणसाच्या हातात जाते, आणि गट नावाला बायकांचा राहतो.

मी असं म्हणत नाही की पैसे खाल्ले तर सोडून द्या. मुद्दाम केलेला अपहार वेगळा, तो गटापुढे, ग्रामसंघापुढे आलाच पाहिजे. पण दोन्हींत फरक करायला शिकलं पाहिजे. फरक निघाला की पहिला प्रश्न ‘कुणी केलं?’ असा नको. ‘ही चूक आत कुठून आली?’ असा पाहिजे. पैसे मोजताना आली, लिहिताना आली, बेरजेत आली, की पासबुकात चढवताना? शोधत गेलं की बऱ्याचदा जागा सापडते. आणि चूक सांगणाऱ्या बाईला दंड लावू नका. दंड लावला तर पुढची चूक ती लपवेल आणि लपवलेली चूक व्याजासकट वाढते.

येत्या बैठकीत एवढं करून बघा. लिहिणारी एक आणि मोजणारी दुसरी नेमा. मोजणारीनं पहिलीची बेरीज झाकून स्वतः वेगळी बेरीज करायची, तिच्या आकड्यावर नुसती टिकमार्क करायची नाही. ओटावाला तपासणी तशीच झाली आणि उपयोग झाला नाही. दोघींचा आकडा जुळला तरच दोघींनी सह्या करायच्या. जिला लिहिता येत नाही तिनं रोख मोजावी. नोटा मोजायला अक्षर लागत नाही आणि आपल्या कितीतरी आजीबाई नोटा मोजण्यात सगळ्यांना हरवतात. पैसे मोजून होईपर्यंत दुसरा विषय काढायचा नाही, फोन घ्यायचा नाही. आणि मोजणारी दर सहा महिन्यांनी बदलायची, म्हणजे वर्षा-दोन वर्षांत चार-पाच जणी हिशेबाला तयार होतील.

याला जास्तीत जास्त दहा मिनिटं लागतील. दहा मिनिटं जास्त बसावं लागलं म्हणून कुणी कुरकुर केली तर तिला गिमलीच्या विमानाची गोष्ट सांगा. आणि बैठक झाल्यावर रजिस्टर लिहिणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला विचारा, की बाई, तुला यात काही कळत नसेल तर सांग, आम्ही आहोत.

तुमच्या गटात ही पद्धत सुरू केलीत तर रेडिओ केंद्रावर कळवा. काय अडचण आली तेही कळवा. ऑडिटच्या सगळ्यांना शुभेच्छा. नमस्कार.